उत्तरेकडची जंगलं, टुंड्रा आणि कार्बनचा हिशोब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तर ध्रुवाभोवतीच्या जंगलांबद्दल आणि टुंड्राबद्दल बातम्या येतात त्या बहुधा दोन टोकांच्या. कधी 'उत्तर हिरवीगार होतेय', तर कधी 'मिथेनचा बॉम्ब फुटणार'. खरं चित्र या दोन्हींपेक्षा गुंतागुंतीचं आहे. ते समजून घ्यायचं असेल तर उन्हाळ्यातल्या हिरव्या पानांवरून नजर काढून जमिनीखाली आणि हिवाळ्यात पाहावं लागतं. या विषयावर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

या प्रदेशात कार्बन असतो तरी कुठे? झाडांतच ना?

झाडांत थोडा, पायाखाली बराच जास्त. अलास्का, कॅनडा, स्कँडिनेव्हिया आणि सायबेरियातल्या सूचिपर्णी जंगलांत स्प्रूस, पाइन, लार्च ही झाडं असतात. त्यांच्या उत्तरेला झाडं विरळ होत संपतात आणि टुंड्रा सुरू होतो: बुटकी झुडपं, कापूसगवताचे गड्डे, मॉस (शेवाळासारखी मऊ वनस्पती) आणि लायकेन (दगडफूल). या सगळ्या वनस्पती वाढतात हळू, पण मेल्यावर कुजतात त्याहूनही हळू. दर वर्षी थोडा काडीकचरा शिल्लक राहतो आणि हजारो वर्षांत त्याचे जाड थर साठतात.

जमिनीतून काढलेला गोठलेला कोअर, म्हणजे मातीचा दंडगोलाकार नमुना, टेबलावर आडवा ठेवला की हे डोळ्यांना दिसतं. सगळ्यात वर जिवंत मॉस. त्याखाली तपकिरी, तंतू अजून सुटे करता येतील असं मेलेलं मॉस. मग काळपट, कसलाच आकार न उरलेला थर, आणि त्याखाली राखाडी गाळ, त्यात बर्फाच्या पातळ पट्ट्या. खालच्या गाळात हजारो वर्षांपूर्वीची बारीक मुळं अजून मुळांसारखीच दिसतात. नमुना खोलीत तसाच राहू दिला तर बर्फ वितळतो, गाळाचा चिखल होतो आणि कुजका वास सुटू लागतो. इतका काळ थांबलेलं काम सूक्ष्मजीवांनी पुन्हा सुरू केल्याची ती खूण.

पर्माफ्रॉस्ट म्हणजे नेमकं काय?

सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ शून्य अंश सेल्सिअसला किंवा त्याखाली राहिलेली जमीन. माती असो, खडक असो, त्यात बर्फ असो वा नसो, व्याख्या तापमानाची आहे. तिच्यावर एक थर असतो, जो दर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. त्याला सक्रिय थर म्हणतात. झाडांची मुळं, सूक्ष्मजीव, पाण्याची ये-जा असा सगळा व्यवहार मुख्यतः या थरात चालतो. तापमान वाढतं तसा हा थर खोल जातो आणि आजवर बंद असलेला साठा उघडा पडतो.

हा साठा आहे तरी किती?

पर्माफ्रॉस्ट प्रदेशाच्या जमिनीत अंदाजे १,४६० ते १,६०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे. तुलनेसाठी, आजच्या वातावरणात कार्बन डायऑक्साइडच्या रूपात सुमारे ९०० अब्ज टन कार्बन आहे. जमिनीतला सगळा साठा काही बाहेर येणार नाही. पण त्याचा छोटासा हिस्सा सुटला तरी वातावरणासाठी ती मोठी भर ठरते. शिवाय उत्तर ध्रुवीय प्रदेश १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे.

तापमान वाढलं की झाडं जोमाने वाढतील, जास्त कार्बन शोषतील. मग हे चांगलंच नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि तो रास्त आहे. वाढ होतेच आहे. शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ या ज्वालामुखीवर कार्बन डायऑक्साइडची मोजणी सुरू केली, तेव्हापासून एक लय दिसते: उत्तर गोलार्धातल्या उन्हाळ्यात वनस्पती वायू ओढून घेतात आणि पातळी उतरते, हिवाळ्यात ती चढते. ४५ अंश अक्षांशाच्या उत्तरेला विमानांतून घेतलेल्या मोजणीत हा चढउतार १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०११ पर्यंत सुमारे ५० टक्क्यांनी वाढलेला आढळला. म्हणजे उत्तरेकडची झाडंझुडपं उन्हाळ्यात पूर्वीपेक्षा बरंच जास्त काम करताहेत. टुंड्रात झुडपं उंच आणि दाट होताहेत, तीही त्याचाच भाग.

पण ही झाली फक्त जमा. खर्चाच्या बाजूला सूक्ष्मजीव आहेत, आणि उबेने त्यांनाही तितकाच, किंबहुना जास्त जोर येतो. या मुद्द्यावर मला सगळ्यात बोलका वाटतो तो अलास्काच्या उत्तर उतारावरच्या टूलिक तलावाजवळचा प्रयोग. १९८१ पासून तिथल्या टुंड्राच्या काही तुकड्यांना दर वर्षी नत्र आणि स्फुरद दिलं गेलं, कारण जमीन उबदार झाली की कुजण्याचा वेग वाढून हीच पोषकद्रव्यं मोकळी होणार होती. झुडपं अपेक्षेप्रमाणे फोफावली. २० वर्षांनंतर जमीन खोदून पूर्ण हिशोब मांडला तेव्हा दर चौरस मीटरमागे सुमारे दोन किलो कार्बन कमी भरला. वर हिरवळ वाढली होती आणि खालच्या थरांतून त्याहून जास्त निघून गेलं होतं. निव्वळ हिरवळ पाहून कोणी निष्कर्ष काढत असेल तर त्याला हा प्रयोग जरूर सांगावा.

जमिनीतून किती वायू येतो-जातो हे मोजतात कसं?

मुख्य पद्धती दोन.

पहिली, झाकणाची. जमिनीत एक कडं पक्कं बसवलेलं असतं. त्यावर हवाबंद पारदर्शक डबा ठेवायचा आणि आतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड किंवा मिथेन कसा बदलतो ते काही मिनिटं टिपायचं. मग त्याच डब्यावर काळं कापड टाकायचं. उजेड बंद झाला की प्रकाशसंश्लेषण थांबतं आणि उरतं ते फक्त श्वसन. दोन आकड्यांतला फरक म्हणजे वनस्पतींनी शोषलेला कार्बन. पद्धत साधी आहे, पण काळजी फार लागते. कड्याजवळ पाय जोरात पडला तर ओल्या पीटमधून (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरातून) मिथेनचे बुडबुडे सुटतात आणि ते माप वाया जातं. म्हणून अशा ठिकाणी आधी लाकडी फळ्यांची पायवाट घालतात आणि तिच्यावरूनच ये-जा करतात.

दुसरी पद्धत मनोऱ्याची, एडी कोव्हेरिअन्स नावाची. वनस्पतींच्या वर मनोऱ्यावर दोन उपकरणं असतात. एक वाऱ्याची दिशा आणि वेग ध्वनिलहरींनी टिपतं, दुसरं हवेतला वायू अवरक्त किरणांनी मोजतं, आणि दोन्ही सेकंदाला १० ते २० वेळा. वर जाणाऱ्या झुळकांत वायू जास्त की खाली येणाऱ्या झुळकांत, यावरून आसपासचा सगळा पट्टा कार्बन सोडतोय की शोषतोय ते कळतं. फिनलंडमधल्या ह्युटिआला इथल्या पाइनच्या जंगलात १९९० च्या दशकापासून अशी मोजणी चालू आहे. सायबेरियात झोटिनो इथे ३०४ मीटर उंचीचा मनोरा आहे. तो मात्र इतका उंच अशासाठी, की शेकडो किलोमीटरच्या प्रदेशावरून आलेली मिसळलेली हवा तपासता यावी.

हिवाळ्यात सगळं गोठलेलं असतं. तेव्हा मोजायला काय उरतं?

पुष्कळ उरतं, आणि बरीच वर्षं इथेच नजरचूक होत आली. संशोधक जून-ऑगस्टमध्ये यायचे, मोजायचे आणि परत जायचे. साहजिकच हिशोबात जमेची बाजू ठळक दिसायची.

प्रत्यक्षात शरद ऋतूत जमीन एकदम गोठत नाही. थंडी वरून उतरत असते, खाली पर्माफ्रॉस्ट असतोच, आणि मधला ओला थर आठवडेच्या आठवडे शून्य अंशावर अडकून राहतो, कारण पाण्याचा बर्फ होताना उष्णता बाहेर पडत राहते. या काळाला 'झिरो कर्टन' म्हणतात. वर बर्फ पडलेला, उजेड जवळजवळ नाही, वनस्पती निद्रिस्त, आणि खाली सूक्ष्मजीव कामात. अलास्काच्या टुंड्रात वर्षभर चालवलेल्या मनोऱ्यांनी दाखवून दिलं की तिथल्या वार्षिक मिथेनपैकी निम्मा किंवा त्याहून जास्त थंडीच्या महिन्यांत सुटतो.

कार्बन डायऑक्साइडचंही तसंच. २०१९ मध्ये सगळ्या पर्माफ्रॉस्ट प्रदेशातल्या हिवाळी मोजण्या एकत्र केल्या गेल्या, तेव्हा ऑक्टोबर ते एप्रिलमधलं उत्सर्जन वर्षाला सुमारे १.७ अब्ज टन कार्बन निघालं. त्याच प्रदेशातलं वाढीच्या हंगामातलं शोषण संगणकी प्रारूपांनुसार सुमारे एक अब्ज टन होतं. एका अभ्यासाने वाद संपत नाही, पण हिवाळा सोडून केलेला हिशोब अपुरा असतो हे आता कुणी नाकारत नाही. उणे ३० अंशांत उपकरणांवर हिमकण साचतात, सौरऊर्जा मिळत नाही, बॅटऱ्या उतरतात. तरी ही मोजणी चालू ठेवणाऱ्या माणसांचं काम मला या क्षेत्रातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

भविष्यातल्या उष्णतेचा परिणाम आजच कसा तपासता येतो?

जमिनीचा एखादा तुकडा मुद्दाम तापवून. सर्वांत साधं साधन म्हणजे वरून उघडी, कलत्या पारदर्शक भिंतींची षटकोनी चौकट. वारा अडतो, ऊन आत येतं आणि आतली हवा एक-दोन अंशांनी उबदार राहते. वीज लागत नाही, त्यामुळे दुर्गम जागीही ती वर्षानुवर्षं टिकते. १९९० मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय टुंड्रा प्रयोगाने हीच चौकट अनेक देशांत वापरली. अशा ५६ प्रयोगांचे आकडे २०२४ मध्ये एकत्र केले तेव्हा हवा सरासरी १.४ अंशांनी तापल्यावर वाढीच्या हंगामातलं श्वसन ३० टक्क्यांनी वाढलेलं आढळलं, आणि ही वाढ काही ठिकाणी २५ वर्षांनंतरही ओसरलेली नव्हती.

चौकट हिवाळ्यात फारशी उपयोगी नाही. म्हणून अलास्कात हीली गावाजवळ २००८ पासून वेगळी युक्ती वापरली गेली. टुंड्रावर कुंपणं उभारली, म्हणजे वाऱ्याने वाहून येणारा बर्फ त्यांच्या आडोशाला साचतो. जाड बर्फाखाली जमीन कमी गारठते आणि पर्माफ्रॉस्ट खोलवर वितळू लागतो. वसंतात जादा बर्फ फावड्यांनी उपसून टाकतात, नाहीतर त्याचं पाणी मुरून निकाल बिघडेल.

सर्वांत भव्य प्रयोग उत्तर मिनेसोटातल्या मार्सेल प्रायोगिक वनातला. स्प्रूस आणि मॉसच्या दलदलीवर १२ मीटर व्यासाचे, वरून उघडे कक्ष बांधले आहेत. हवा तर तापवतातच, शिवाय पीटही दोन मीटरहून जास्त खोलीपर्यंत तापवतात, नेहमीपेक्षा शून्य ते ९ अंशांनी जास्त, पायऱ्यापायऱ्यांनी. निम्म्या कक्षांत कार्बन डायऑक्साइडही वाढवलेला असतो. निकाल असा, की तापमान जितकं जास्त तितका कार्बनचा तोटा जास्त, आणि पीट तयार करणारं स्फॅग्नम मॉसच तापलेल्या कक्षांतून मागे हटलं. साठा घडवणारी वनस्पतीच गेली तर तो पुन्हा भरणार कशाने, हा प्रश्न त्यातून समोर येतो.

बाहेर पडणारा कार्बन जुना की कालपरवाचा, हे कसं ओळखतात?

कार्बन-१४ या कार्बनच्या किरणोत्सारी प्रकारावरून. त्याचा अर्धायुष्यकाळ ५,७३० वर्षं, म्हणून हजारो वर्षं गाडलेल्या पदार्थात तो कमी भरतो. उलट १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणात तो जवळपास दुप्पट झाला होता, त्यामुळे त्यानंतर वाढलेल्या वनस्पतींवर त्याची खूण आहे. झाकणाखाली गोळा केलेल्या वायूत कार्बन-१४ किती हे पाहिलं की मिश्रणातला जुना हिस्सा काढता येतो. हा फरक महत्त्वाचा आहे. पान गेल्या वर्षी उगवलं आणि यंदा कुजलं तर वातावरणात भर काहीच पडत नाही. हजारो वर्षं बाजूला पडलेला कार्बन परत आला, तर ती निव्वळ भर.

कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन, जास्त काळजी कशाची करायची?

ते पाण्यावर अवलंबून आहे. जमीन कोरडी, हवा खेळती असेल तर कार्बन डायऑक्साइड बनतो. पाणी साचून ऑक्सिजन संपला तर मिथेन. वजनास वजन घेतलं तर मिथेन १०० वर्षांच्या हिशोबात सुमारे २८ पट आणि २० वर्षांच्या हिशोबात सुमारे ८० पट उष्णता अडकवतो. पाणथळ जागी गवतवर्गीय सेज वनस्पतींच्या पोकळ देठांतून तो थेट वर येतो. मॉसच्या थरातून संथ झिरपला असता तर वाटेत मिथेन खाणाऱ्या जिवाणूंनी त्यातला बराच संपवला असता. म्हणजे एखाद्या उताराचं पाणी निचरणार की साठणार, एवढ्याशा गोष्टीवर त्या जागेचा हवामानावरचा परिणाम बदलतो.

'मिथेन बॉम्ब' खरा आहे का?

नाही. सगळा साठा एकदम सुटेल असा पुरावा नाही. दशकानुदशकं चालणारी, संथ गळती हे जास्त खरं वर्णन आहे, आणि काळजी करायला तेवढं पुरेसं आहे.

पण जमीन अचानक खचल्याचे फोटो दिसतात, ते काय?

काही पर्माफ्रॉस्टमध्ये बर्फाचं प्रमाण फार असतं. सायबेरिया आणि अलास्कातला येडोमा नावाचा गाळ हे त्याचं ठळक उदाहरण. असा बर्फ वितळला की वरची जमीन बसते, खड्डे पडतात, तळी तयार होतात, उतार ढासळतात. याला थर्मोकार्स्ट म्हणतात. सायबेरियाच्या याकुतिया भागातल्या बाटागाई इथली घळ सुमारे एक किलोमीटर लांबीची झाली आहे. संथ वितळण्यात दर वर्षी काही सेंटिमीटर जमीन उघडी पडते, इथे काही मीटर पडते. असं खचणं पर्माफ्रॉस्ट प्रदेशाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी भागात होईल असा अंदाज आहे, पण कार्बन तिथेच दाटून असल्याने त्याचा प्रभाव क्षेत्रफळापेक्षा बराच मोठा ठरतो.

वणवे या जंगलांत नेहमीचेच ना?

हो, काळ्या स्प्रूसची जंगलं आगीसोबतच वाढली आहेत. त्याचे शंकू आगीच्या धगीने उघडतात आणि बी पडतं. पण आगीचं प्रमाण बदललं आहे. २०२३ मध्ये कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जळालं. मे ते सप्टेंबरमध्ये त्यातून अंदाजे ६४ कोटी ७० लाख टन कार्बन सुटला. खनिज इंधनातून वर्षभरात त्याहून जास्त कार्बन सोडणारे देश तीनच: चीन, अमेरिका आणि भारत.

या आगींत खोडं काळवंडतात, पण कार्बनचा बहुतांश तोटा होतो जमिनीवरच्या मॉस आणि पीटच्या थरातून. तो सुका असेल तर आग खाली खाली धुमसत जाते. काही आगी बर्फाखाली हिवाळाभर धुमसून वसंतात पुन्हा भडकतात. शिवाय जाड मॉस उन्हाळ्यात पर्माफ्रॉस्टला ऊन लागू देत नाही. तो जळला की पुढची कित्येक वर्षं जमीन खोलवर वितळत राहते, म्हणजे आगीचा खर्च आग विझल्यावरही चालूच असतो. टुंड्रातही हे घडू शकतं. २००७ मध्ये अलास्कातल्या अनाक्टुवुक नदीजवळ एका वणव्यात १,०३९ चौरस किलोमीटर टुंड्रा जळाला आणि सुमारे २१ लाख टन कार्बन गेला.

जळालेलं जंगल परत वाढतं, मग हिशोब बरोबरीत येत नाही का?

दोन आगींमध्ये पुरेसा काळ गेला तर येतो. आधीच्या आगीतून वाचलेला जुना थर पुढच्या आगीत जळाला, तर मात्र नव्या वाढीने तो भरून निघत नाही. कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधल्या २०१४ च्या वणव्यांनंतर काही तरुण जंगलांत नेमकं हेच आढळलं.

उलट बाजूचाही पुरावा आहे. अलास्कात २००४ च्या मोठ्या वणव्यांनंतर पुष्कळ ठिकाणी स्प्रूसच्या जागी अ‍ॅस्पेन आणि बर्च आले. ही पानझडी झाडं भराभर वाढतात आणि पेट कमी घेतात. एका आगीपासून पुढच्या आगीपर्यंतच्या पूर्ण चक्राच्या सरासरीत त्यांनी स्प्रूसच्या पाचपट कार्बन साठवला असा निष्कर्ष २०२१ मध्ये निघाला. हा दिलासा खराच आहे, फक्त तो सगळीकडे लागू करता येणार नाही.

मग टुंड्रा आज कार्बन शोषतो की सोडतो?

अमेरिकेच्या नोआ या हवामान आणि महासागर अभ्यासणाऱ्या सरकारी संस्थेच्या २०२४ च्या आर्क्टिक अहवालानुसार वणव्यांसह हिशोब केला तर टुंड्रा आता कार्बन सोडणारा प्रदेश झाला आहे. हजारो वर्षं तो शोषत आला होता. जंगलं धरून संपूर्ण प्रदेशाचं चित्र संमिश्र आहे. १९९० ते २०२० मधल्या सुमारे २०० ठिकाणांच्या मोजण्यांवर आधारलेल्या अभ्यासात ३४ टक्के भाग कार्बन डायऑक्साइड सोडणारा निघाला, आणि आगी धरल्यावर ४० टक्के. उरलेला भाग अजून शोषतोय.

उपग्रह असताना माणसं दलदलीत का उतरतात?

उपग्रहाला पान दिसतं, मूळ दिसत नाही. हिरवाई, जळालेलं क्षेत्र, बर्फाचं आच्छादन हे वरून उत्तम कळतं. पण कार्बन डायऑक्साइड मोजणारे उपग्रह परावर्तित सूर्यप्रकाशावर चालतात, आणि ध्रुवीय हिवाळ्यात सूर्यच नसतो. म्हणून नासाने २०१५ पासून अलास्का आणि पश्चिम कॅनडात एबॉव्ह नावाच्या मोहिमेत जमीन, विमान आणि उपग्रह अशी तिन्ही मोजमापं जोडली.

सध्याची मोठी अडचण मात्र तांत्रिक नाही. पर्माफ्रॉस्टचा सर्वांत मोठा हिस्सा रशियात आहे, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर तिथल्या स्थानकांशी बाहेरच्या संशोधकांचं सहकार्य जवळजवळ थांबलं. सायबेरियातली लार्चची जंगलं अलास्कातल्या स्प्रूससारखी वागत नाहीत, त्यामुळे एकीकडचे आकडे दुसरीकडे वापरून भागत नाही. दीर्घकाळच्या नोंदीत पडलेला खंड नंतर कितीही पैसा ओतला तरी भरता येत नाही, हे फार वाईट नुकसान आहे.

पुढचे अंदाज इतके वेगवेगळे का?

आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या सहाव्या अहवालात २१०० पर्यंत तापमानवाढीच्या दर अंशामागे पर्माफ्रॉस्टमधून कार्बन डायऑक्साइडच्या रूपात १८ अब्ज टन कार्बन सुटेल असा अंदाज आहे, पण शक्यतेचा पल्ला ३ ते ४१ चा. बहुतेक प्रारूपांत जमीन खचणं धरलेलं नाही, नत्राची टंचाई आणि आगीनंतरचं वितळणं अपुरं धरलं जातं. 'दर अंशामागे' हे शब्द मात्र नीट वाचावेत. तापमान जितकं कमी वाढेल तितकं हे उत्सर्जन कमी, आणि वाढ किती होणार हे बऱ्याच अंशी खनिज इंधनावर ठरतं.

टुंड्रात झाडं लावली तर?

उपयोग कमी, नुकसान जास्त. मोकळा बर्फ ऊन परत फेकतो, गडद स्प्रूस ते शोषतो. लागवडीसाठी मातीचा थर ढवळला तर साठलेला कार्बनही सुटतो. त्यापेक्षा असलेला थर वाचवणं शहाणपणाचं. अलास्कातल्या युकॉन फ्लॅट्स अभयारण्यात येडोमा असलेल्या काही भागांतल्या आगी आता त्याच कारणासाठी लवकर विझवायचं ठरवलं आहे. एरवी वस्तीपासून दूरची आग तशीच जळू दिली जायची.

एकाच वणव्याचे दोन वेगळे आकडे वाचले. खरा कोणता?

बहुधा दोन्ही. काही ठिकाणी कार्बनचं वजन देतात, काही ठिकाणी कार्बन डायऑक्साइडचं. एक टन कार्बन म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. कॅनडाच्या २०२३ च्या आगींचे ६४ कोटी ७० लाख टन कार्बन म्हणजे सुमारे २.४ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड. आकडा वाचताना आधी एकक पाहावं, आणि मग त्यात मिथेन, आग आणि हिवाळा धरला आहे का ते शोधावं.